बॅटरीची गॅरंटी कुठे संपते, वॉरंटी कुठे सुरू होते

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून मला अठरा वर्षं झाली. कारच्या बॅटरीवरून जेवढी भांडणं पाहिली, तेवढी दुसऱ्या कुठल्या पार्टवरून नाही. "काका, ५५ महिने लिहिलंय की यावर!" लिहिलंय खरं. पण त्याखाली बारीक अक्षरांत ३०+२५ असंही लिहिलेलं असतं. आमच्या बाजारात पहिल्या ३० महिन्यांना गॅरंटी म्हणतात, पुढच्या २५ ना वॉरंटी. गॅरंटीत बॅटरी फुकट बदलून मिळते. वॉरंटीत नव्या बॅटरीवर सूट मिळते, आणि महिने सरतील तशी ती घटत जाते. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून घेतानाच दोन्ही विचारा.

ही सूट एमआरपीवर धरतात, आणि गिऱ्हाईक नेमकं इथे फसतं. समजा एमआरपी ६,००० आहे आणि पन्नासाव्या महिन्यात १५ टक्के सूट बसते. म्हणजे ५,१०० भरायचे. तीच बॅटरी जुनी भंगारात देऊन काउंटरवर ४,६०० ला मिळत असेल, तर क्लेमच्या नादात ५०० रुपये जास्त गेले. क्लेममध्ये जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते, तिचे भंगाराचे पैसे आपल्याला मिळत नाहीत. तेव्हा वॉरंटीच्या शेवटी शेवटी दोन्ही भाव विचारायला लाजू नका. मी स्वतः सांगतो. सगळे सांगतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट, बदलून मिळालेल्या बॅटरीचे महिने नव्याने मोजत नाहीत. २८व्या महिन्यात बदलली तर फुकट बदलीचे दोनच महिने उरले. पहिल्या खरेदीची तारीखच चालते, म्हणून जुनं बिल फेकायचं नाही.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्या. त्यावर बॅटरीचा सिरियल नंबर आणि गाडीचा नंबर हवा. मोबाइलवरून नोंदणी होत असेल तर दुकानातच उभं राहून करून घ्या. टॅक्सीला बसवणार असाल तर खरं सांगा, कारण टॅक्सीची मुदत बहुधा कमी असते आणि क्लेमच्या वेळी गाडीची पिवळी पाटी लपत नाही. बिलाचा फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन मात्र नको. एका गिऱ्हाइकाने हौसेने केलं आणि थर्मल कागद उष्णतेने पार काळा पडला.

गाडी सुरू होत नाही म्हणजे बॅटरी गेलीच असं नाही. रात्रभर आतला दिवा राहिला तर ती नुसती उतरते. म्हणून क्लेमला आणलेली बॅटरी आधी चार्ज करून लोड टेस्टरवर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती टिकते का बघणाऱ्या यंत्रावर, तपासतात. एखादा दिवस जातोच. तेवढ्यात अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या पार्टचं, चार्जिंग बघून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. ते जास्त असेल तर नवी बॅटरीही फुगेल, आणि फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी क्लेममध्ये घेत नाहीत.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी "होत नाही" ऐकून परत फिरू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट हा झिजायचाच माल, त्याला असली मुदत विचारू नका. सेन्सरसारखा इलेक्ट्रिकल माल तर बहुतेक काउंटरवर बसवल्यावर परत घेतच नाहीत. तो मेकॅनिकला सोबत आणूनच घ्या.