कड्यावरचे पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

साताऱ्याच्या आसपास कड्यांना तोटा नाही. अजिंक्यतारा आणि सज्जनगड आहेत, ठोसेघर-चाळकेवाडीचं पठार आहे, पाटणकडे सडावाघापूर आहे आणि वर महाबळेश्वरला आर्थर सीट. पाऊस सरला की दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन लोक या कड्यांवर जातात. शाहीन ससाणा, खरुची, शृंगी घुबड, पारवे, भिंगऱ्या, पाकोळ्या हे सगळे इथल्या कपारीत राहणारे पक्षी. ते बघायला जरूर जा. पण जायचं तर कुठे उभं राहायचं हे आधी ठरवून जा, कारण जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

कड्याच्या टोकावर जाऊन खाली डोकावणं

ही सगळ्यात मोठी चूक. सह्याद्रीचे कडे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे आहेत. कठीण थर टिकतो, त्याखालचा ठिसूळ थर आधी झिजतो, आणि वरचा खडक छज्जासारखा पुढे राहतो. पक्ष्यांच्या कपारी तयार होतात त्या अशाच. म्हणजे पक्षी जिथे बसलाय ती जागा वरून दिसतच नाही, आणि तुम्ही उभे आहात त्याच्या खाली पोकळी असू शकते. कास, महाबळेश्वर, पाचगणीसारख्या पठारांवर तर माथ्याला जांभा आहे. त्याच्या काठाला भेगा पडतात आणि मोठमोठे तुकडे सुटून दरीत जातात. ती भेग गवतात झाकलेली असते.

पक्ष्याच्या बाजूनेही बघा. खाली शिवारात माणसं, बैल, ट्रॅक्टर दिवसभर असतात, त्याची त्याला सवय असते. डोक्यावरून कोणी डोकावलं की मात्र तो घाबरून उठतो. ससाण्याची मादी अंड्यांवरून उठली आणि तुम्ही फोटोसाठी अर्धा तास तिथेच थांबलात, तर मार्चच्या उन्हात उघडी पडलेली अंडी तापतात. पिल्लं असतील तर त्यांचे हाल होतात. डोमकावळे अशाच संधीची वाट बघत असतात.

त्यामुळे कडा बघायचा तो समोरून किंवा खालून. दरीच्या पलीकडची धार, शेजारच्या सोंडेवरची पायवाट, पायथ्याच्या गावाचा रस्ता, यातलं काहीही चालेल. ८×४२ ची, म्हणजे आठ पट जवळ दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. उजेडाचाही विचार करा. पूर्वेकडे तोंड असलेले कडे सकाळी उजळतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर. हे न बघता गेलात तर सगळा वेळ काळ्या सावलीकडे बघण्यात जातो आणि मग ‘जरा जवळ जाऊया’ असं वाटायला लागतं. पायथ्याशी बसताना अगदी कड्याच्या मुळाशी बसू नका. वरून वानरं फिरली तरी दगड सुटतात.

काटक्यांचं घरटं शोधत बसणं

शाहीन काटक्या गोळा करत नाही. कपारीतल्या मातीत किंवा बारीक खड्यांत उथळ खळगा करून त्यातच अंडी घालतो. शृंगी घुबडाचंही तसंच. म्हणून दुर्बिणीतून शोधायचे ते खडकावरून उतरलेले विष्ठेचे पांढरे ओघळ. ते दिसले की त्यांच्या वरच्या कपारीवर नजर ठेवून शांत बसा. नर शिकार घेऊन येतो तेव्हा नेमकी जागा कळते.

हंगाम चुकीचा धरणं

पक्षी पावसाळ्याच्या तोंडाशीच घरटी करतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. कड्यावरच्या शिकारी पक्ष्यांचा मुख्य हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल आहे. म्हणजे आपण ट्रेकला सगळ्यात जास्त जातो नेमके तेच महिने. शिवजयंतीही याच काळात येते. गडावरून ज्योत न्यायला तरुण मंडळी येतात, ते व्हायलाच हवं. माझी विनंती एवढीच आहे की कड्याच्या बाजूला फटाके आणि मोठे स्पीकर नकोत.

पावसाळ्यातला पाहुणा वेगळा. शीळकरी कस्तुर ऐन पावसात ओढ्या-धबधब्यांजवळच्या खडकात घरटं करतो. ठोसेघरला पाण्याच्या आवाजातूनही त्याची शीळ ऐकू येते. तिथे कठड्याच्या आतच राहा.

पक्षी ओरडतोय याचा अर्थ न समजणं

ससाणा तुमच्याभोवती घिरट्या घालतोय आणि सारखं ‘कॅक-कॅक-कॅक’ करतोय, तर तो तुम्हाला हाकलतोय. कॅमेऱ्यात हे दृश्य सुंदर दिसतं, म्हणून लोक तिथेच थांबतात. आवाज ऐकला की आल्या वाटेने मागे फिरा आणि पुरेसं अंतर जाईपर्यंत थांबू नका. लांब गेल्यावरही पक्षी कपारीत परतत नसेल, तर अजून मागे व्हा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे.

ड्रोनचं तर बोलायलाच नको. ससाणा त्याला घुसखोर समजून झेप घेतो आणि पात्यांनी जखमी होऊ शकतो. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही. मला विचाराल तर घरट्याजवळ तो कुठेच उडवू नये.

आग्यामोहोळ विसरणं

पक्ष्यांना आवडणाऱ्या कपारींच्याच छताला आग्या माश्यांची पोळी लटकतात. जाण्याआधी पायथ्याच्या गावात विचारा, गावकऱ्यांना पोळ्यांच्या जागा ठाऊक असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका. कड्याखाली चूल पेटवू नका, विडी-सिगारेट ओढू नका, दगड भिरकावू नका. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि चवताळलेल्या माश्या खालच्या माणसांवर येतात. तेव्हा तुमची काही चूक नसतानाही पळावं लागतं.

माश्या आल्याच तर नाक-तोंड जॅकेटने किंवा ओढणीने झाका आणि दरीकडे नव्हे, पठाराच्या आतल्या बाजूला किंवा वाटेने लांब पळा. हात झाडू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी येतात. सुरक्षित जागी पोचल्यावर काटे नखाने खरवडून लगेच काढा, कसे काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

वारा, गवत आणि धुकं

चाळकेवाडीला पवनचक्क्या उभारल्यात त्या तिथे वारा आहे म्हणूनच. सडावाघापूरला तो दरीत पडणारं पाणी उलटं वर फेकतो. अशा ठिकाणी पातळ घोळदार रेनकोट आणि छत्री घेऊन काठाजवळ जाणं धोक्याचं, वारा त्यात भरतो आणि तोल जातो. पावसाच्या शेवाळाला लोक घाबरतात, पण उतारावरचं डिसेंबरनंतरचं वाळलेलं गवतही तितकंच निसरडं असतं. धुकं दाटलं आणि वाट दिसेना, तर जिथे आहात तिथेच खाली बसा. ते विरेपर्यंत चालायचं नाही.

पायाखाली न बघणं

कड्याकडे डोळे लावून पठारावरून चालताना टिटवी, चंडोल, रातवा यांची जमिनीवरची अंडी तुडवली जातात. रातवा तर नुसत्या उघड्या जमिनीवर अंडी घालतो. टिटवी जवळून ओरडायला लागली की थांबा आणि मळलेल्या वाटेवर परत या. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात पेटती काडी पडली तर वणवा लागतो, आणि यातलं एकही घरटं वाचत नाही.

खाली पडलेलं पिल्लू उचलणं

पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर बहुधा ते उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात, त्याला हात न लावता लांब जा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी नेऊन पाणी पाजू नका.

घरट्याची जागा जाहीर करणं

ससाणे तीच कपार वर्षानुवर्षं वापरतात. एका पोस्टमधल्या लोकेशनमुळे त्या जोडीला पुढच्या अनेक हंगामांत माणसांचा त्रास होतो. फोटोतून लोकेशनची माहिती काढून टाका, मागची ओळखू येणारी धार कापा, आणि पिल्लं उडून गेल्यावर, मे महिन्यात तो टाका. ठिकाण म्हणून ‘सातारा जिल्हा’ एवढं लिहिलं तरी पुरे.