फुलोऱ्याआधी ब्रासिनोलाइड फवारताना

फुलोरा लागण्याच्या तोंडावर होमोब्रासिनोलाइडची एक फवारणी घ्या, असा सल्ला आता सर्रास दिला जातो. जरूर घ्या, पण हे संजीवक, म्हणजे वाढ घडवणारं द्रव्य, झाडात कुठे तयार होतं हे आधी समजून घ्या. बहुतेक चुका तिथेच होतात.

ब्रासिनोलाइड आणि होमोब्रासिनोलाइड ज्या गटात मोडतात, ते ब्रासिनोस्टेरॉइड हे झाडाचं स्वतःचं स्टेरॉइड. 1979 मध्ये मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या परागकणांतून ते पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळालं, तेही ढीगभर परागातून जेमतेम काही मिलिग्रॅम. कॅम्पेस्टेरॉल या झाडातल्याच स्निग्ध घटकापासून टप्प्याटप्प्याने ते बनतं. मूळ, शेंडा, फूल, जो तो भाग आपल्यापुरतं बनवतो. ऑक्सिन हे दुसरं संजीवक शेंड्याकडून मुळाकडे उतरतं, तसा लांबचा प्रवास याला जमत नाही. वाटाण्यात कलमं बांधून हे तपासलेलं आहे: ब्रासिनोस्टेरॉइड नीट बनवू न शकणारा खुजा शेंडा चांगल्या मुळावर बांधला, तरी खुजाच राहिला.

म्हणून फवारा कळ्या-शेंड्यांवर आणि पानांच्या दोन्ही बाजूंना बारीक बसला पाहिजे. वरवर भुरभुर केली आणि बाकीचं झाड आपोआप घेईल म्हटलं, तर तसं होत नाही.

मात्रेत तर हात आखडताच ठेवा. 0.04 टक्के द्रावण लिटरला अर्धा मिली घेतलं, तर मूळ घटक पडतो लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, आणि एवढ्यावर झाड प्रतिसाद देतं. पिकानुसार नेमकं प्रमाण लेबलवर असतं, तेच धरा. ‘थोडं जास्त टाकू’ हा मोह महागात पडतो, कारण बाहेरून जास्त मिळालं की झाड स्वतःचं उत्पादन आवरतं घेतं. मुळं तर फारच हळवी: अत्यल्प मात्रेत वाढतात, जरा जास्त झालं की खुंटतात. त्यामुळे उरलेलं द्रावण बुडाशी ओतून संपवू नका.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक झाडातली ब्रासिनोस्टेरॉइड तयार होण्याची प्रक्रियाच अडवतं, मक्यात हे दिसून आलं आहे. ते आणि हे एकाच पंपात घालू नका. पीक पाण्याच्या ताणावर असेल तर आधी पाणी द्या, मग सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर फवारा. खताची उणीव या फवारणीने भरून निघत नाही.

दोन-चार ओळी मुद्दाम न फवारता सोडा. फळधारणा झाली की दोन्हीकडच्या फांद्यांवरची फळं मोजा, मग पुढच्या हंगामाचं ठरवा.