गोव्याची जुनी टपाल तिकिटे भिंगाखाली कशी पाहावीत

चवथीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. तिच्यात जमिनीचे कागद असतात, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो असतो आणि तळाशी दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. गठ्ठा सुटला की घरातले कुणीतरी विचारतेच, "ह्या तिकिटांचे किती येतील रे?" आमच्या घरी हा प्रश्न मामा विचारतो, दर वर्षी. मी त्याला दर वर्षी एकच सांगतो. आधी ती छापली कशी गेली ते बघू, पैशाचे मागून.

एकोणिसाव्या शतकातल्या तिकिटाचे अर्धेअधिक गुपित छपाईत असते. कागदावर शाई कशी उतरली हे कळले की साल, डाय (म्हणजे छपाईचा कोरलेला ठसा), अस्सल-नकली हे धागे एकेक करून सुटू लागतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. टेबल, दिवा आणि भिंग एवढ्यावर सुरुवात होते.

पहिली पायरी: पाकिटावरचे तिकीट काढू नका

हे मी स्वतः केलेल्या पापातून सांगतोय. बारा-तेरा वर्षांचा असताना पणजोबांच्या कागदांतल्या पाकिटांवरची तिकिटे मी कात्रीने कापली, गरम पाण्याच्या वाडग्यात टाकली आणि सुटल्यावर वहीत ओळीने चिकटवली. त्यातल्या एका पाकिटावर एक गोव्याचे आणि शेजारी व्हिक्टोरिया राणीचे, अशी दोन्ही तिकिटे होती. मला वाटले, चुकून लावली असतील. ती चूक नव्हती. १८७७ पर्यंत पोर्तुगीज इंडियाचे तिकीट गोव्याच्या हद्दीबाहेर पुरेसे नसे. मुंबईला किंवा परदेशी पत्र धाडायचे तर ब्रिटिश इंडियाचे तिकीटही लावावे लागे. अशा पाकिटाला सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त मोल असते. माझ्या वहीत आज दोन तिकिटे आहेत आणि पाकीट नाही.

तेव्हा पाकीट अख्खे ठेवा. तिकीट सुटेच असेल तर चिमट्याने उचला, बोटांनी नको. चिमट्याची टोके चपटी आणि गुळगुळीत हवीत, भुवया उपटायचा चिमटा चालणार नाही. पाऊस पडत असताना पेटी उघडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत मागचा गोंद ओलसर होतो आणि तिकीट कागदाला धरते. कागदावर तपकिरी ठिपके उठतात ते बुरशीचे असतात. असे तिकीट बाकीच्यांपासून लगेच वेगळे काढा.

दुसरी पायरी: भिंग आणि उजेड

दहा पट मोठे दाखवणारे, घड्याळजी डोळ्याला लावतात त्या जातीचे भिंग घ्या. वापरताना भिंग डोळ्याजवळ धरून तिकीट खालून वर आणायचे. बहुतेक जण उलटे करतात, भिंग तिकिटावर टेकवून मान खाली घालतात आणि पाच मिनिटांत कंटाळतात.

दिवा मान वळणारा हवा. आधी समोरून उजेड टाका, मग दिवा खाली आणून बाजूने, जवळजवळ आडवा. आडव्या उजेडात कागदाचे चढउतार दिसतात, आणि पुढचे सगळे काम त्यांच्यावरच चालते.

तिसरी पायरी: छपाईची जात ओळखा

इथे घाई करू नका. चार मुख्य जाती आहेत आणि चारही आपल्याकडच्या तिकिटांवर शिकता येतात.

पहिली कोरीव छपाई. धातूच्या पत्र्यावर खोल रेघा कोरतात, त्यांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाने कागद त्या रेघांत बसवतात. त्यामुळे शाई कागदावर उंचवट्यासारखी उभी राहते. १८४० चे पेनी ब्लॅक, म्हणजे ब्रिटनचे पहिले टपाल तिकीट, असेच छापलेले आहे, पण ते पाहायला मिळणे कठीण. त्यापेक्षा १८९८ ची वास्को द गामाच्या चौथ्या शताब्दीची मालिका शोधा. ती लंडनच्या वॉटरलो अँड सन्सने कोरीव पद्धतीने छापली. किमती दीड रेइसपासून आठ तांगांपर्यंत (रेइस आणि तांगा हे गोव्यातले तेव्हाचे चलन), आणि त्यातली छोट्या किमतीची तिकिटे अजून सहज मिळतात. समुद्र आणि आभाळ ज्या बारीक रेघांनी भरले आहे, त्यांवर आडवा उजेड टाका. प्रत्येक रेघेला स्वतःची सावली पडते.

दुसरी ठशाची छपाई. यात उंच भागावर शाई लागते आणि तो कागदावर दाबला जातो. जुन्या छापखान्यातली लग्नपत्रिका आठवा, मागून बोट फिरवले की अक्षरे हाताला लागत. इथेही तेच. शाई दाबाने कडेला ढकलली जाते, म्हणून भिंगाखाली प्रत्येक रेघेला गडद काठ दिसतो आणि मध्ये शाई थोडी फिकी असते. १८७७ पासूनची लिस्बनच्या टांकसाळीत छापलेली मुकुटाची तिकिटे, म्हणजे 'इंदिया पोर्तुगेझा' लिहिलेली, या जातीची. लंडनच्या दे ला रूने छापलेली व्हिक्टोरिया राणीची तिकिटेही त्यातच येतात.

तिसरी लिथो, म्हणजे शिळाछाप. शाई सपाट, काठ नाही, दाब नाही, मागे काही उमटलेले नाही. ब्रिटिश इंडियाची १८५४ ची अर्ध्या आण्याची निळी आणि एक आण्याची तांबडी तिकिटे कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कार्यालयात अशी छापली गेली. त्याच वर्षीचे चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत, दोनदा छापावे लागे. त्यात काहींवर राणीचे डोके उलटे पडले. ती आज जगातल्या प्रसिद्ध चुकांत मोडतात.

चौथी उठावाची. पोर्तुगालच्या दों लुईश राजाच्या १८८६ च्या तिकिटांवर डोके कागदातूनच वर आलेले आहे, मोदकाच्या साच्यातून पाकळ्या उठाव्यात तसे. ही तिकिटे जड वहीखाली दाबून ठेवली तर राजाचे नाक बसते. आमच्याकडच्या दोन राजांचे बसले आहे.

खात्री करायला आणखी एक युक्ती आहे. साध्या, स्वस्त तिकिटावर अॅल्युमिनियमच्या वर्खाचा तुकडा ठेवून मऊ खोडरबराने हलकेच घासा. कोरीव असेल तर रेघा वर्खावर उमटतील. दुर्मिळ तिकिटावर मात्र हा प्रयोग कधीही नको.

चौथी पायरी: गोव्यात छापलेली तिकिटे

आता खरी मजा. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ ला निघाली आणि ती पणजीतच, तेव्हाच्या नोव्हा गोव्यात, तयार झाली. संग्राहक त्यांना 'नेटिव्ह' तिकिटे म्हणतात. मधल्या अंडाकृतीभोवती 'सेर्विसु पोस्ताल' आणि 'इंदिया पोर्त.' अशी अक्षरे, आत रेइसमधली किंमत. यंत्राने एका दमात छापलेला कागद नव्हे हा. कचेरीत रबरी शिक्का मारतात तसा धातूचा डाय हाताने एकेक करून मारलेला आहे.

त्यामुळे इतर देशांच्या तिकिटांना लावतो ते निकष इथे उलटे होतात. चौकट किंचित कललेली, शेजारच्या तिकिटाशी अंतर कमीजास्त, एका कोपऱ्यात शाई जास्त आणि दुसऱ्यात तुटलेली, दात्यांची, म्हणजे तिकीट सुटे करायच्या छिद्रांची, ओळ चित्रातून गेलेली, हे सगळे इथे स्वाभाविक आहे. अगदी स्वच्छ, चारही बाजूंनी समतोल नेटिव्ह तिकीट हातात आले की मला आधी शंका येते. ते लिथोने काढलेली नक्कल असू शकते. दिवा आडवा करून ठशाची दाब बघा. ती नसली आणि शाई सपाट पसरलेली असली तर तिकीट बाजूला ठेवा.

पुढच्या काही वर्षांत डाय पुनःपुन्हा कोरले गेले. ते ओळखायला तीन जागा पाहा. मागच्या पार्श्वभूमीतल्या रेघा मोजा, त्यांची संख्या डायनुसार बदलते. 'सेर्विसु'मधल्या व्ही अक्षरावर आडवी रेघ आहे का ते बघा. किंमतीच्या वर चांदणी आहे का तेही बघा. रेघा मोजताना डोळे फिरतात, म्हणून मी फोनवर फोटो काढून मोठा करतो आणि दहा-दहा रेघांनी पेन्सिलीची खूण करत जातो. मामाला हे पाहून हसू येते. येऊ दे.

कागदही बोलतो. काही अगदी पातळ आणि ठिसूळ, उजेडात धरला की पलीकडचे दिसते, तर काही जाड आणि मऊ. दोन्ही प्रकार नोंदवा.

पाचवी पायरी: वरून मारलेली किंमत

१८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्यातले चलन बदलले. रुपयाचे सोळा तांगे आणि तांग्याचे बारा रेइस असा हिशेब झाला. जुन्या किमतींची तिकिटे पडून होती, म्हणून १८८१ ते १८८३ या काळात त्यांच्यावर नव्या किमती मारल्या. '१½', '४½', '६', तांग्यासाठी 'टी' असे ठसे मुकुटाच्या आणि नेटिव्ह, दोन्ही तिकिटांवर मिळतात.

फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. तिकीट अस्सल आणि त्यावरची किंमत नकली, ही जोडी नवशिक्याला ओळखू येत नाही. मीही एका विक्रेत्याकडून असे एक घेतले आहे, चांगल्या पैशाला. घरी आल्यावर भिंगाखाली दिसले ते असे: पोस्टाच्या शिक्क्याची गोल रेघ किंमतीच्या आकड्यापाशी येऊन आकड्याच्या खाली जात होती. क्रम उलटा झाला. किंमत आधी पडायला हवी आणि शिक्का पोस्टात गेल्यावर. इथे शिक्का खाली, किंमत वर. म्हणजे वापरलेल्या, साध्या तिकिटावर नंतर कुणीतरी आकडा चढवला होता.

हे बघायला शिक्का आणि आकडा एकमेकांना ओलांडतात तीच जागा शोधा, दिवा हलवत राहा आणि कुठल्या शाईची चकाकी अखंड जाते ते पाहा. दोन्ही शाई काळ्या असतील तर चटकन कळत नाही. एका दुपारी चार वेळा बघून सोडून द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. शिक्क्यातली तारीख वाचता आली तर तीही तपासा, कारण किंमत मारण्याआधीच्या तारखेचा शिक्का असेल तर पुढे काही बघायचे उरत नाही.

सहावी पायरी: दाते आणि जलचिन्ह

दाते मोजायचे दोन सेंटीमीटरमध्ये. १३½ म्हणजे तेवढ्या अंतरात साडेतेरा छिद्रे. मुकुटाची तिकिटे १२½ आणि १३½ अशा दोन मापांत मिळतात. नेटिव्ह तिकिटांच्या चार बाजू चार वेगळ्या निघाल्या तरी घाबरू नका.

मुकुटाच्या आणि नेटिव्ह तिकिटांत जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, नाही. ते शोधायचे ब्रिटिश इंडियाच्या तिकिटांत, १८६५ पासून हत्तीचे डोके आणि १८८२ पासून चांदणी. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून लायटरच्या इंधनाचे दोन थेंब टाका. चिन्ह काही क्षण गडद दिसते आणि इंधन उडून जाते. खिडकी उघडी हवी आणि देवघरातली समई दुसऱ्या खोलीत. जाता जाता, चार आण्यांच्या हिरव्या तिकिटावर राणीचे ओठ मिटलेले आहेत की किंचित उघडे, तेही पाहून घ्या. मिटलेले पहिल्या डायचे, उघडे दुसऱ्या डायचे.

नोंद

प्रत्येक तिकिटासाठी वहीत एक ओळ लिहा: छपाईची जात, कागद, दाते, शिक्का आणि मनात आलेली शंका. रंगाबद्दल जपून लिहा, उन्हाने आणि दमट हवेने जांभळा तपकिरी दिसू लागतो. स्कॅन १२०० डीपीआयवर करा. शंका मोठी असेल तर तिकीट तज्ज्ञ समितीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवा, विकायच्या आधी.

मग सगळे आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, हॉलमधल्या कपाटात ठेवा. माळ्यावर परत नको. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे दर पंधरा दिवसांनी करावे लागते, आणि ते काम आता मामाने आपल्याकडे घेतले आहे.