परसातल्या तळ्याची गळती

परसात 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंटीमीटर खोल तळे खणून त्यात मी शेततळ्यासाठी मिळणारा 500 मायक्रॉनचा एचडीपीई कागद (म्हणजे जाड प्लास्टिक) अंथरला होता. दुप्पट खोली आणि प्रत्येक काठाला 30 सेंटीमीटर धरून तो 4.8 बाय 3.8 मीटर घेतला होता. तरीही काठोकाठ भरलेले पाणी रोज दोन बोटे उतरत असे. ते उन्हाने आटते की गळते, हे ठरवण्यासाठी मी भरलेली बादली तळ्यातच दगडावर ठेवली. दोन दिवसांत बादलीतले पाणी जेमतेम बोटभर घटले, तळ्यातले मात्र चार बोटे.

मग धबधब्याचा पंप बंद ठेवून पाणी आपोआप थांबेल तिथवर उतरू दिले. ही पायरी घाईने गाळू नये, कारण गळतीची जागा त्या रेषेवरच सापडते. माझा कागद कुठेही फाटलेला नव्हता. एका बाजूचा भराव काळ्या दगडांच्या वजनाने खचून काठ खाली दबला होता आणि पाणी त्यावरून मुरत होते.

दगड काढून तिथे मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसाने ठोकला आणि गवंड्यांच्या पाणी भरलेल्या नळीने चारही काठ एका पातळीत आणले. कागदाची कड दगडांमागे उभी वळवली आणि दगडांखाली उरलेल्या कागदाची दुहेरी घडी घातली. पातळी आठवडाभर टिकल्यावर डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडले.