घाट उतरून गळ टाकायला जाताना: किनाऱ्यावर जागा कशी हेरावी

कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला डोह ओळखायला शिकवावं लागत नाही. पण कुंभार्ली घाट उतरून गुहागर-वेळणेश्वरला पोचला, की तोच माणूस गाडी लागेल तिथे रॉड रोवतो आणि दिवसभर उन्हात भाजून निघतो. समुद्राच्या काठालाही डोह असतात. ते ओहोटीला शोधायचे आणि भरतीला वापरायचे.

पहिलं काम कराड सोडण्याआधीचं. कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष कुठलाही असो. तासभर मागेपुढे धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी की दोरीला लावलेलं शिशाचं वजन जागेवर टिकत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी सुस्त. नवख्याने मधले दिवस धरावेत.

ओहोटी संपत आली असताना पोचा. रॉड गाडीतच राहू द्या. सुरूच्या बनाजवळ एखाद्या उंचवट्यावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. लाट फुटून पांढरा फेस होतो तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो. दोन फेसांच्या मध्ये पाणी गडद दिसतं, लाट न फुटताच पुढे सरकते, ती घळ. लाटांनी उकरलेला चारा तिथे वाहत येतो आणि मासा कडेकडेने फिरतो. म्हणून गळ मधोमध नको; फेस संपून गडद पाणी सुरू होतं त्या रेषेवर टाका. भरतीत ही सगळी मांडणी झाकली जाते, म्हणून आधीच मागचं एखादं झाड खुणेला धरा, मोबाईलवर फोटो काढा.

हीच शांत पट्टी माणसालाही आत ओढून नेते. लाट नाही म्हणून आपली घाटावरची मंडळी नेमकी तिथेच पोहायला उतरतात. गळ टाका, पाय टाकू नका. गुडघाभर पाण्यातही नको.

घळ दिसत नसेल तर पायाखालची वाळू बघा. जाडसर वाळू आणि तीव्र उतार असेल तर खोल पाणी जवळच असतं, लांब फेकायची हौस फुकट. बारीक, घट्ट वाळूचा सपाट किनारा असेल तर सरळ टोकाला चला, खडकाकडे किंवा खाडीच्या मुखाकडे. ओहोटीचं पाणी खाडीतला चारा बाहेर आणतं, जिताडा माशाची आशा तिथेच. तांब मासा खडकाच्या कडेला. साध्या वाळूवर ताजी कोळंबी लावून मुडदुशी या छोट्या माशावर समाधान मानावं. तळून ती काही कमी नाही. शेवाळलेल्या खडकावर मात्र चढू नका. हेदवीची बामणघळ, म्हणजे लाटा उसळतात ती खडकातली चीर, लांबूनच बघावी.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची तयारी दिसली तर आधी विचारा, “दादा, इथं गळ टाकला तर चालंल का?” बहुतेक वेळा नकाराबरोबर दुसरी चांगली जागाही सांगतात. हिवाळ्यात रात्री बसणार असाल तर टॉर्च शक्यतो बंद ठेवा आणि तुटलेला तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गोळा करून न्या. गुहागरच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात.

पाणी चढू लागलं की गळ टाका. अर्ध्या तासात हिसका बसला नाही तर पन्नासेक पावलं सरका, तेवढ्यानेही बरेचदा फरक पडतो.