पुण्याहून इटलीला जाताय? एक दिवस लेचेला द्या

बहुतेक टूरवाले रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस एवढंच फिरवतात, दक्षिण इटलीतलं लेचे हे शहर त्यांच्या यादीत नसतंच, त्यामुळे हे स्वतःच प्लॅन करावं लागतं. मुंबईहून रोम गाठायचं आणि तिथून ट्रेन, साधारण साडेपाच तास. नाहीतर विमानाने ब्रिंडिसीला उतरा, तिथून लेचे जेमतेम ४० किमी.

जुनं गाव सगळं पायीच होतं. पोर्ता नापोली या १५४८ च्या कमानीतून आत शिरा (फोटो काढा आणि पुढे निघा) आणि सरळ पिआत्सा देल दुओमोला, म्हणजे कॅथेड्रलच्या (मुख्य चर्चच्या) चौकात या. या चौकात शिरायला एकच तोंड आहे, आणि समोर जी नटलेली बाजू दिसते ती कॅथेड्रलची चक्क कडेची भिंत, मुख्य दर्शनी भाग वळणापलीकडे आहे आणि तो त्यामानाने अगदीच साधा. म्हणजे येणाऱ्यावर छाप पडावी म्हणून केलेला सगळा थाट! हे झिंबालो या वास्तुकाराचं काम, १६५९ ते १६७०, शेजारचा घंटेचा मनोराही त्याचाच, ७० मीटरच्या आसपास. बाजूच्या सेमिनरीचं (पाद्री घडवणाऱ्या शाळेचं) दार उघडं दिसलं तर अंगणातली कोरीव विहीर बघून या.

मग सांत ओरोंत्सो चौक. अर्धवट खणलेलं रोमन अँफिथिएटर वरूनच दिसतं, १० मिनिटं पुरे.

खरा वेळ ठेवायचा तो सांता क्रोचे या चर्चला. १५४९ ला सुरू झालेलं काम १६९५ ला संपलं, त्यामुळे खालचा भाग बराच शांत आणि वर जावं तसा नुसता कल्लोळ. सज्जा खांद्यावर तोललेली माणसं आणि प्राणी, त्यावर भलीमोठी गोल खिडकी, फळं, फुलं, देवदूत, एक इंच मोकळा सोडलेला नाही. एवढं बारीक काम जमलं ते दगडामुळे. आपल्या सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला कारागिरांनी कडक काळ्या पाषाणाशी झुंज दिली, इथला मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड मात्र खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो.

चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा. मोठ्या चर्चेसना तिकीट आहे, एकत्र काढता येतं. उन्हाळ्यात दुपारी फिरूच नका, बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली तिथली कॉफी घेऊन सावलीत बसा आणि सांता क्रोचेसमोर उन्हं उतरताना परत या, दगडाचा रंग तेव्हाच खुलतो.