वृद्धाश्रमात आजी-आजोबा चिडतात, ओरडतात? या चुका टाळा

दिवेलागणीला आमच्या एक आजी काखोटीला पिशवी मारून फाटकाशी उभ्या राहायच्या. "पोरं शाळेतून आली असतील, भाकऱ्या टाकायच्यात." पोरांचीच साठी उलटलेली! नवी मावशी समजवायला गेली, "आजी, आता हेच तुमचं घर." झालं, पिशवी तिच्याच अंगावर भिरकावली.

डिमेन्शियात, म्हणजे स्मरण आणि समज ढासळत जाणाऱ्या आजारात, हुज्जत घालून काही पटत नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या मावशींनी नुसतं विचारलं, "भाकरी ज्वारीची का बाजरीची?" बोलत बोलत आत आणलं, पुढ्यात मेथीची जुडी ठेवली. मेथी निवडून होईपर्यंत फाटक विसरलं. रोज जमतंच असं नाही. पण तिन्हीसांजेला गोंधळ वाढणं या आजारात नेहमीचंच, तेव्हा अंधारून यायच्या आधीच सगळे दिवे लावा.

सगळ्यांत महागात पडते ती चूक वेगळीच: दोन दिवसांत बदललेल्या वागण्याला "म्हातारपणाचा हेका" म्हणून सोडून देणं. परवापर्यंत शांत असलेले आजोबा एकदम शिव्या देऊ लागले, मधेच पेंगू लागले, तर आधी शरीर तपासा. लघवीचा संसर्ग असू शकतो, आणि या वयात ताप येईलच असं नाही. लघवी तुंबणं, पोट साफ न होणं, पाणी कमी पडणं, सोडियम किंवा साखर उतरणं, काहीही असू शकतं. सर्दीच्या साध्या क्लोरफेनिरामिननेही भ्रम होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा आणि चालू गोळ्यांची पिशवी त्यांच्यासमोर रिकामी करा.

"शांत राहायची गोळी द्या ना" हा हट्ट नको. मानसिक आजारावरच्या यातल्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, 2005 सालीच दिला आहे. बांधून तर ठेवूच नका. सुटायच्या धडपडीत माणूस पडतो.

आंघोळीला हात उगारतात? तांब्या थेट डोक्यावर ओतता का ते बघा. पंखा बंद, खांद्यावर टॉवेल, पाणी आधी पायांवर. कानाच्या मशीनचा सेलही बघा; ऐकूच येत नसेल तर कोणीही बिथरेल.

वहीत "दुपारी त्रास दिला" असं लिहिण्याचा उपयोग नाही. किती वाजता, त्याआधी काय घडलं, ते लिहा. एका आजोबांची महिन्याभराची पानं चाळली तर आरडाओरडा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. ते फिजिओथेरपीचे वार. गुडघा दुखायचा, सांगता येत नव्हतं. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामाआधी तासभर पॅरासिटामॉल देतो. शिव्या अजून ऐकू येतात, पण त्या क्रिकेटची मॅच हरल्यावरच्या.